सासूबाईंची गोधडी प्रदर्शनात द्यावी का, आणि सगळ्या घरानं मिळून जावं का?

प्रश्न धुळ्याकडच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि उभा जन्म हातानं गोधड्या शिवत आल्या आहेत. जानेवारीत तालुक्याच्या गावी बचत गटांचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे, त्यात यंदा गोधडीची स्पर्धाही ठेवली आहे. सासूबाईंची एखादी गोधडी तिथे लागावी असं ताईंना वाटतं. यजमान म्हणतात, लावायचीच तर विकूनही टाकू, चार पैसे येतील. नणंदेला घरातली गोधडी चारचौघांत मांडणंच पटत नाही. शिवाय नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आहेत. ताई विचारतात: कोणती गोधडी द्यावी, तयारी काय करावी, किंमत किती लावावी, आणि सगळ्यांना घेऊन जावं की एकटीनंच जाऊन यावं?

मी अमळनेर-चोपडा भागातली. गोधड्या शिवते, आमच्या गटाच्या बायकांबरोबर प्रदर्शनांत स्टॉल लावते, आणि अलीकडे काही ठिकाणी परीक्षक म्हणूनही बोलावतात. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे पाहिलं आहे. त्यावरूनच सांगते.

ताई, तुम्ही चार-पाच प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो तुमच्या लिहिण्यात आलेला नाही. सासूबाईंना काय वाटतं? यजमानांचं मत आलं, नणंदेचं आलं, तुमचं आलं. जिनं दुपार दुपार बसून दोरे घातले तिचं काही आलं नाही. गोधडी जिनं शिवली तिची, हे एकदा घरात सगळ्यांनी मानलं की कोणती द्यायची, विकायची की नाही, फॉर्मवर नाव कुणाचं, एवढे तीन प्रश्न आपोआप सुटतात. उरतं ते नुसतं कामाचं.

आता विचारायचं कसं, हेही सांगते. कारण सरळ विचारलंत तर बहुतेक आयाबाया म्हणतात, “त्यात काय पाहण्यासारखं? जुन्या लुगड्यांची तर आहे.” हा नकार नसतो. आपल्या कामाकडे कुणी काम म्हणून पाहिलेलंच नसतं, त्यातून आलेलं ते उत्तर असतं. म्हणून स्पर्धेचं नाव काढूच नका. एखाद्या दुपारी घडवंचीवरच्या सगळ्या गोधड्या खाली काढा, एकेक खाटेवर पसरा आणि विचारा, हा तुकडा कशाचा, हे लुगडं कुणाचं, ही कोणत्या साली शिवली. माझा अनुभव असा की तासाभरात बाई स्वतःच एक गोधडी बाजूला काढते आणि म्हणते, “हाई मन्ही खरी गोधडी शे.” तीच द्या. तुमच्या डोळ्यांना दुसरी जास्त रंगीत वाटली तरी तीच.

त्या दुपारी नणंदेलाही बोलवा. त्यांच्या विरोधाला मी हट्ट म्हणणार नाही. गोधडीच्या पोटात कुणाचं काय आहे हे घरच्यांनाच माहीत असतं. गेलेल्या आजीचं लुगडं, वडलांचं धोतर, लहानपणी गेलेल्या भावाचं अंगडं. अशी गोधडी परक्या माणसांनी चाचपून पाहावी हे कुणाला नको वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. दुसरं कारण असं, की आपल्याकडे कितीतरी घरांत गोधडी ही नड म्हणून शिवली गेली. विकतचं पांघरूण परवडत नव्हतं म्हणून शिवली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ती चारचौघांत टांगणं म्हणजे घरची ओढाताण दाखवणं वाटतं. यातलं कोणतं कारण आहे ते विचारा. पहिलं असेल तर ती विशिष्ट गोधडी बाजूला ठेवा, दुसरी द्या. दुसरं असेल तर त्यांना प्रदर्शनाला सोबत न्या. लोक आपल्या आईच्या हातकामापुढे थांबून बघतात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की बरंच काही बदलतं. नाही बदललं, तरी तो त्यांचा हक्क आहे.

आता विकण्याचं. दाखवणं, स्पर्धेला उतरणं आणि विकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच घरांची गडबड इथेच होते. स्पर्धेची गोधडी साधारणपणे तीनही दिवस मांडवात लागून राहावी लागते, म्हणजे ती पहिल्या दिवशी विकून हातात देता येत नाही. विक्रीची वस्तू उलट गिऱ्हाईक उचलून पाहतं, उलटी करतं, घडी मोडतं. एकाच गोधडीकडून दोन्ही कामं करून घेतलीत तर ती मळते आणि दोन्हीकडे पडते. सासूबाईंची खास गोधडी फक्त स्पर्धेला लावा, तिच्यावर “विक्रीसाठी नाही” असं स्वच्छ लिहा, आणि यजमानांना विक्रीची हौस असेल तर बाजूला लहान वस्तू ठेवा: बाळाची दुपटी, बसायची आसनं, खुर्चीवर टाकायचे चौकोन.

मोठी हातशिवणीची गोधडी मी स्वस्तात विकू देत नाही, आमच्या गटात कुणालाच नाही. त्याचा हिशेब सांगते, यजमानांनाही दाखवा. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरा, दोऱ्यांच्या ओळींमध्ये अर्धा इंच अंतर. आडवी साठ इंच म्हणजे एकशे वीस ओळी, प्रत्येक ओळ सात फूट. झाले ८४० फूट टाके. कडेनं गोल फिरत मध्यापर्यंत शिवत गेलात तरी बेरीज तेवढीच येते. चार-पाच थर असतील तर चांगला हात तासाला दहा-बारा फूट जातो. म्हणजे नुसत्या दोऱ्याचे सत्तर ते चौऱ्याऐंशी तास. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ-दहा दिवस, कापड फाडणं, थर लावणं, कड दुमडणं वेगळं. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साली मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. मातीकामाची ही मजुरी धरली तरी दहा दिवसांचे ३,१२० रुपये होतात, आणि त्यात कसब, डोळा, रंगाची जाण यांचा एक पैसा धरलेला नाही. प्रदर्शनात गिऱ्हाईक आठशेपासून सुरुवात करतं. त्याला दोष देत नाही, त्याला यंत्रावर शिवलेली गोधडी त्या भावात मिळते. पण आपण हिशेब माहीत असून आठशेला द्यायची नाही. हा हिशेब एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्टॉलवर लावला तर घासाघीस बरीच कमी होते, हे आम्ही करून पाहिलं आहे.

आणि एक धोका. शहरातलं कुणीतरी येतं, फोटो काढतं आणि म्हणतं, अशाच वीस हव्यात, दोन महिन्यांत. शहात्तर वर्षांच्या बाईच्या डोळ्यांचा आणि मानेचा विचार करा. ऑर्डर घ्यायचीच तर एक-दोन, मुदत सासूबाईंनी सांगायची.

कोणत्या विभागात नाव द्यायचं हे फॉर्म भरताना बघा. काही ठिकाणी हाताची शिवण आणि यंत्राची शिवण वेगळी धरतात, काही ठिकाणी सगळं एकत्र असतं. एकत्र असेल तर आयोजकांना आधीच विचारा की निकष काय. यंत्राची गोधडी लांबून जास्त नेटकी दिसते, आणि परीक्षकाला सवय नसेल तर हातकाम मागे पडतं. कापूस भरलेली दुलई किंवा रजई ही तिसरीच गोष्ट. पिंजलेला कापूस भरून शिवणं आणि कापडावर कापड ठेवून शिवणं यांची तुलना होऊ शकत नाही. फॉर्मवर “जुन्या सुती कापडाचे थर, पूर्ण हातशिवण” असं स्पष्ट लिहा. तुम्ही काही टाके घातले असतील तर तुमचंही नाव लिहा, पण दुसरं. फक्त फॉर्म भरला, गोधडी वाहून नेली म्हणून नाव लिहू नका. गटाच्या नावानं प्रवेशिका जात असेल तरी शिवणारीचं नाव पाटीवर आलंच पाहिजे, हे आधी ठरवून घ्या. गटाचं नाव मोठं आणि बाईचं नाव कुठेच नाही असं मी पुष्कळ पाहिलं आहे, आणि ते मला मनापासून खटकतं.

परीक्षक काय बघतो? मी आधी आठ-दहा फुटांवरून बघते. रंग कुठे एकवटलेत, काठ कसे वापरलेत, नजर कुठे जाते. मग जवळ जाऊन चारही कडा: सरळ आहेत का, कोपरे काटकोनात बसलेत का, की एक कोपरा ओढला गेला आहे. मग टाके. पुढचा आणि मागचा टाका जवळपास सारखा यावा, ओळ तुटू नये, गाठी पोटात गेलेल्या असाव्यात. मग हात फिरवून बघते, कुठे झोळ आहे का, थर आत सरकून गोळा झालेत का. शेवटी स्वच्छता आणि वास. एवढं सगळं सासूबाईंच्या गोधडीत असणारच, कारण रोजच्या वापरात टिकायला हेच लागतं.

टाक्यांच्या लांबीबद्दल मात्र एक सावधगिरी. अमेरिकेकडच्या क्विल्टमध्ये हातशिवणीला इंचाला आठ ते बारा टाके ही चांगल्या कामाची खूण मानतात. तिथे वरचं कापड, मध्ये हलकं भरण आणि खाली अस्तर एवढेच थर असतात, सुई सहज जाते. आपल्या गोधडीत लुगड्यांचे चार-पाच थर असतात, टाका मोठा येतो, इंचाला तीन-चार. तो आळसाचा टाका नाही. तो जाडीला योग्य असा टाका आहे. इंटरनेटवर शिकलेले तरुण परीक्षक कधी कधी ती परदेशी पट्टी इथे लावतात. म्हणून गोधडीसोबत चार ओळींची चिठ्ठी द्या: किती थर, कोणतं कापड, कुठून शिवायला सुरुवात केली, साधारण कधीची. परीक्षकाला बरोबर डोळ्यांनी बघायला मदत होते.

तयारीत सगळ्यात जास्त नुकसान धुण्यात होतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. प्रदर्शन जवळ आलं की घाईनं गोधडी भिजवतात. जुन्या लुगड्यांचे रंग, त्यातही लाल आणि गडद जांभळा, पहिल्यांदा भिजवल्यावर कित्येकदा शेजारच्या पांढऱ्यात उतरतात. आधी पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक गडद तुकड्यावर मिनिटभर दाबा. रंग फडक्याला लागला तर धुवूच नका. झटका, दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, मऊ ब्रशनं धूळ काढा, पुरे. धुवायचीच असेल तर थंड पाणी, थोडा साधा साबण, आणि धोपटणं अजिबात नाही. भिजलेली गोधडी फार जड होते; दोरीवर एका टोकाला लटकवली तर जुने टाके तुटतात. खाटेवर आडवी वाळवा. आपल्याकडचं ऊन जानेवारीतही रंग ओढतं, तेव्हा सावलीच बरी. हे सगळं किमान दोन आठवडे आधी करा, म्हणजे दमटपणा राहणार नाही. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वासही तेवढ्यात जातो. पुढे ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा.

फाटलेलं असेल तर? एखादा तुकडा विरला असेल तर सासूबाईंना वाटलं तर त्यांनी ठिगळ लावावं, त्यांच्याच हातानं, त्यांना आवडेल त्या कापडाचं. ठिगळानं गुण कमी होत नाहीत. नवं चकचकीत कापड लावून जुनी गोधडी “सुधारू” नका. नवी झालर, रेशमी गोट, आरसे असलं काही स्पर्धेसाठी म्हणून जोडू नका. दोन पिढ्यांचा हात एका गोधडीत मिसळतो तेव्हा परीक्षकाला ते लगेच दिसतं.

टांगणीचा प्रश्न खरा आहे. बहुतेक ठिकाणी मांडवाच्या कापडाला टाचण्या मारून गोधडी लावतात. दोन-तीन किलोंच्या पुढचं वजन चार टाचण्यांवर आलं की जुनं कापड तिथेच फाटतं. त्यासाठी मागच्या बाजूला वरच्या कडेला परकराला करतो तसा नेफा शिवा, चार इंच रुंद, दोन्ही टोकांना इंचभर कमी. हातानं शिवायचा आणि सुई फक्त अस्तरातून घ्यायची, पुढे टाका दिसता कामा नये. त्यातून बांबू किंवा पाइप घालायचा, दोन्ही टोकांना दोरी. परदेशी प्रदर्शनांतही असाच चार इंची नेफा मागतात, कारण वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. गोधडी फारच जुनी असेल तर टांगूच नका. आयोजकांना सांगा, आम्ही खाट आणतो, खाटेवर पसरतो. आपल्याकडे गोधडी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंगणात, खाटेवर आडवीच पाहिली जाते, तशीच मांडली तर त्यात कमीपणा काही नाही. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं, त्याला जोडून खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही होतं. नंदलाल बोसांनी ते सगळं नगर बांबूसारख्या गावातल्याच सामानातून सजवलं होतं. गावातल्या साधनांनी मांडणी करण्याची खानदेशाला जुनी सवय आहे.

द्यायची की नाही हे मात्र जागेवरही ठरतं. पक्कं सभागृह असेल तर निर्धास्त द्या. उघडा मांडव असेल तर विचारा: रात्री राखणीला कोण, दव पडतं तेव्हा झाकतात का, बाजूला चूल किंवा तळण आहे का. यात्रेतल्या स्टॉलवर, म्हणजे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात किंवा महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेत, विक्रीच्या वस्तू जरूर न्या, गर्दी असते. पण तिथल्या धुळीत घरची एकुलती जुनी गोधडी मी नेणार नाही. अमळनेरच्या वैशाखातल्या यात्रेत तर ऊन चाळिशीच्या वर असतं, जाड पांघरुणाकडे कुणी फिरकत नाही. जानेवारीचं प्रदर्शन या दृष्टीनं चांगलं आहे: थंडी आहे, माणसाला गोधडीची आठवण आहे.

जमा करताना पावती घ्या आणि तिच्यावर लांबी-रुंदी, रंग, मागचं अस्तर कसलं, आधीचे डाग किंवा फाट कुठे, हे लिहून घ्या. आधी घरी उजेडात पुढून, मागून, चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. मागच्या कोपऱ्यात कापडाची छोटी पट्टी शिवा: शिवणारीचं नाव, गाव, साल. कागदाची चिठ्ठी पडते, कापडाची राहते. परत कधी, कुणाकडून मिळणार हेही पावतीवर हवं. शेवटच्या संध्याकाळी आवराआवरीत सगळं एका ढिगात पडतं, तेव्हा घरातलं एक माणूस तिथे उभं हवंच. हे काम यजमानांना द्या.

इथपर्यंतचं थोडक्यात: सासूबाईंनी निवडलेली एक गोधडी, विक्रीसाठी नाही, त्यांच्याच नावानं, नेफा लावून, पावती घेऊन. विक्रीला लहान वस्तू, हिशेबाच्या भावानं.

आता सगळ्या घरानं जाण्याचं. माझं उत्तर हो आहे, पण सगळे तीनही दिवस नको, आणि सगळे एकाच वेळीही नको. सासूबाईंना पहिल्या दिवशी सकाळी न्या, उद्घाटनाची भाषणं सुरू व्हायच्या आधी किंवा ती संपून गर्दी पांगल्यावर. सकाळी उजेड चांगला, माणसं कमी, त्यांना प्रत्येक गोधडीजवळ थांबता येतं. दुसऱ्या बायकांचं काम पाहण्याचा आनंद त्यांना बक्षिसापेक्षा मोठा असेल, हे मी बऱ्याच जणींच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. आपल्यासारखीच एखादी भेटते, मग “तुम्ही कोपरा कसा वळवता” यावर अर्धा तास जातो. तो वेळ मोडू नका. बसायला खुर्ची, प्यायला पाणी, शौचालय कुठे आहे, हे तुम्ही आधी पाहून ठेवा. दीड-दोन तासांत घरी.

एस.टी.नं जाणार असाल तर पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, २०२२ पासून, आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा. गोधडी डिकीत टाकू नका. स्वच्छ जुन्या चादरीत गुंडाळून मांडीवर घ्या.

मुलांना दुसऱ्या दिवशी न्या, वेगळं. आजीबरोबर एकाच फेरीत नेलीत तर आजीला थांबायचं असतं आणि मुलांना पळायचं असतं. पाच वर्षांचं मूल पाऊण तास टिकतं, तेही काम दिलं तर. काम असं द्या: शाळेच्या गणवेशाचा तुकडा कोणत्या गोधडीत आहे, शोध. फुलांचं कापड आणि पट्ट्यांचं कापड शेजारी कुठे आहे. दोरा कोणत्या कोपऱ्यातून सुरू झाला. नऊ वर्षांच्या पोराला एक वही द्या आणि आवडलेल्या तीन गोधड्यांचे चौकोन काढायला सांगा. आधीच बजावून ठेवा, हात पाठीमागे. हात लावायची इच्छा होणारच, ती कापडाची गोष्ट आहे. म्हणून मी आयोजकांना नेहमी सांगते की दाराशी एक जुना तुकडा मुद्दाम हात लावायला ठेवा. तुम्हीही सुचवा, ऐकतात.

खाण्याचा क्रम पाळा. प्रदर्शनात भरीत-पुरी, कळण्याची भाकरी, मांडे यांचे स्टॉल असणारच आणि मुलांचं सगळं लक्ष तिकडेच. आधी गोधड्या, मग जेवण. उलट केलंत तर भरताच्या तेलाची बोटं कुणाच्या तरी वर्षभराच्या कामावर उमटतात, आणि तेल जुन्या सुतातून पूर्ण निघत नाही.

मुलांचा विभाग आहे का, हेही विचारा. नऊ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आजीच्या हाताखाली फूटभराचं आसन शिवता येतं. दोन थर, जाड सुई, दोन पदरी दोरा, ओळींमध्ये बोटभर अंतर. टाके वाकडे येतील, येऊ द्या. आजीनं किंवा तुम्ही ते उसवून सरळ करू नका. परीक्षक म्हणून सांगते, मोठ्यांनी सुधारलेलं मुलांचं काम लगेच ओळखू येतं आणि मी त्याला गुण देत नाही. वाकड्या ओळींच्या पण स्वतःच्या आसनाला देते. विभाग नसला तरी आसन शिवू द्या, घरी वापरायला होईल.

बक्षिसाबद्दल घरात आधी बोलून ठेवा, विशेषतः मुलांशी, कारण “आजी पहिली येणार” हे तीच सगळीकडे सांगत फिरतात आणि मग आजीला अवघडल्यासारखं होतं. परीक्षकाचं मत त्या दिवशी, त्या मांडवात, समोर असलेल्या गोधड्यांपुरतं असतं. बक्षीस मिळालं नाही तर आयोजकांकडे शेरा मागा. पुष्कळ ठिकाणी लेखी देत नाहीत, पण परीक्षक तिथेच असतात आणि विचारलं तर सांगतात. मला कुणी येऊन विचारलं की मी गोधडीजवळ उभी राहून दाखवते. सासूबाईंना सोबत घेऊन विचारा. त्यांना पटलं नाही तर त्यांनी तसं सांगावं. कितीतरी वेळा शिवणारीच्या तोंडून ऐकूनच मला एखाद्या टाक्याचं कारण कळलं आहे.

परत आणल्यावर गोधडी लगेच पेटीत घालू नका. एक दिवस खाटेवर पसरा, टाचणी राहिली आहे का हे हातानं नाही, आधी डोळ्यांनी बघा, मग लोहचुंबक फिरवा. नेफा तसाच राहू द्या, पुढच्या वेळी कामाला येईल. घडी घालताना जुन्या घडीवर घालू नका, तिसऱ्या भागावर मोडा, म्हणजे एकाच रेषेवर कापड विरत नाही. आणि नंतर वापरात घ्या.

तुमच्या प्रदर्शनाचा फॉर्म आणि निकषांचा कागद हातात आला की इथे त्याचा मजकूर टाका, आयोजकांचे नंबर वगळून. विभाग कोणता निवडायचा आणि चिठ्ठीत काय लिहायचं ते पाहून सांगते. सोबत गोधडीची लांबी-रुंदी, थर किती आणि वजन अंदाजे किती तेही कळवा, म्हणजे टांगायची की खाटेवर मांडायची याचं नेमकं उत्तर देता येईल.